लामी सफारी: शायांची हौस असणाऱ्यांचं पेन, देवनागरी लिहिणाऱ्याच्या नजरेतून

लामी सफारी हे देखणं शाईपेन नाही. जाड प्लास्टिकचं अंग, तारेची भली मोठी क्लिप, टोपणाच्या डोक्यावर फुली. तरीही ज्याला वेगवेगळ्या शाया वापरून बघायच्या आहेत, त्याने पहिलं चांगलं पेन म्हणून हेच घ्यावं. याची निब अर्ध्या मिनिटात बदलता येते आणि आतली शाई पाच-दहा मिनिटांत धुऊन काढता येते. शायांच्या हौसेला या दोन गोष्टी लागतात, बाकी सगळं नंतर. मात्र मराठीत लिहिणाऱ्याने निब कुठली घ्यायची हे दुकानदारावर सोडू नये. हातात अनेकदा एम, म्हणजे मध्यम जाडीच्या, निबचं पेन दिलं जातं, आणि ती देवनागरीला जाड पडते.

जर्मनीतल्या हायडेलबर्गची लामी ही १९३० सालची कंपनी. सफारी आलं १९८० मध्ये, आणि ते मुळात दहा ते पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांसाठी होतं. रचना वोल्फगांग फाबियान यांची. २०२४ मध्ये युनिबॉल बनवणाऱ्या जपानच्या मित्सुबिशी पेन्सिल कंपनीने लामी विकत घेतली. दप्तरासाठी बनवल्याचे फायदे मोठ्यांनाही मिळतात: अंग एबीएस प्लास्टिकचं, टोपणासकट वजन १७ ग्रॅमच्या आसपास, टोपण आट्यांचं नसून दाबून बसणारं. फोनवर बोलता बोलता एका हाताने पेन उघडून दोन ओळी खरडता येतात. खिशाला क्लिप घट्ट बसते, जाड कापडावरही. भारतात किंमत दोन हजारांच्या पुढेच असते, आणि प्लास्टिकच्या पेनाला ती जास्त वाटते हे खरं. पैसे जातात ते निब आणि फीड (निबखालचा, तिला शाई पुरवणारा भाग) यांच्या एकसारख्या बनावटीसाठी, आणि सुटे भाग अनेक वर्षांनीही मिळतात यासाठी.

याच साच्यातली भावंडंही आहेत. व्हिस्टा म्हणजे पारदर्शक सफारी, आणि अल-स्टार म्हणजे तेच पेन ॲल्युमिनियमच्या अंगाचं. निब, फीड, कन्व्हर्टर (बाटलीतली शाई ओढून घेणारा आतला भाग) तिघांत सारखेच. शाईचा रंग आत हलताना बघायचा असेल तर व्हिस्टा घ्या, पण त्याच्या फीडभोवतीच्या फटीत अडकलेली लाल-जांभळी शाई बाहेरून दिसत राहते आणि ती पूर्ण निघायला वेळ लागतो. हे ज्याला खटकतं त्याने रंगीत सफारीच घ्यावं. जिन्हाव ५९९ आणि हीरो ३५९ ही याच घडणीवरची चिनी पेनं. ती आपल्या नावाने विकली जातात तोवर तक्रार नाही, पण लामीचं नाव घातलेल्या नकलाही बाजारात फिरतात, म्हणून अनोळखी विक्रेत्याकडून अर्ध्या किमतीत मिळणाऱ्या सफारीच्या वाटेला जाऊ नये.

पकड

पकडीच्या भागाला वरून दोन सपाट बाजू दिल्या आहेत, एक अंगठ्याची आणि एक पहिल्या बोटाची. मधलं बोट खालून. ज्यांचा हात असा पडतो त्यांना तासभर लिहूनही बोटं दुखत नाहीत. ज्यांना पेन किंचित आत किंवा बाहेर फिरवून धरायची सवय आहे, त्यांच्या निबचं एकच पातं कागदाला टेकतं आणि लिहिताना खरखर जाणवते. दोष निबचा समजून तिला वाकवायला जाऊ नये. दुकानात टोपण काढून पेन हातात घ्या, डोळे मिटून नेहमीसारखं धरा, मग बघा निबचा वरचा सपाट भाग आकाशाकडे आहे की कलला आहे. कलला असेल तर हे पेन तुमच्यासाठी नाही. सरावाने सवय बदलते असं सांगितलं जातं, पण मोठ्या माणसाने पेनासाठी हात बदलावा असं मला वाटत नाही.

देवनागरीला कुठली निब

लामीच्या पोलादी निबा ईएफ (अतिबारीक), एफ (बारीक), एम (मध्यम), बी (जाड) अशा मापांत, डावखुऱ्यांसाठी वेगळी, आणि सुलेखनासाठी १.१, १.५, १.९ मिमी अशा सपाट टोकाच्या मिळतात. ही मापं रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून ठरलेली. देवनागरीची गरज वेगळी आहे. आपल्या फुलस्केप वहीत दोन ओळींमध्ये साधारण ८ मिमी अंतर असतं. त्यात वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षराचा पाय. मधल्या मुख्य अक्षराला ३ ते ४ मिमी उरतात. एवढ्या जागेत ‘ध’ आणि ‘घ’ यांतला फरक, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक एका छोट्या गाठीवर अवलंबून असतो. एम निबची रेघ ०.६ ते ०.७ मिमी पडते, शाई वाहती असेल तर त्याहून जाड. मग गाठ भरून जाते आणि ‘धन’ की ‘घन’ हे संदर्भावरून ओळखावं लागतं.

म्हणून मराठी लिहायला ईएफ, आणि अक्षर मोठं असेल तर एफ. जपानी पेनं वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की लामीची एफ ही पायलटच्या एमच्या जवळ जाते. शिवाय लामीच्या निबांत एकाच मापाच्या दोन नगांत फरक पडतो, एखादी ईएफ एफइतकी जाड निघते. दुकानात बुडवून लिहू देत असतील तर ‘राष्ट्र’, ‘उद्ध्वस्त’, ‘ज्ञानेश्वर’, ‘भूगर्भ’, ‘थंडी’ एवढे शब्द नेहमीच्या आकारात लिहा. ‘थ’ची गाठ उघडी राहिली आणि ‘ष्ट्र’चा पाय गढूळ झाला नाही तर निब चालेल. बुडवून लिहिलेली रेघ पहिल्या दोन ओळींत जाडच येते, तिसऱ्या ओळीवर निर्णय घ्या.

शिरोरेघेचा आणखी एक मुद्दा आहे. आधी अक्षरं लिहून मग वरून रेघ ओढणाऱ्यांच्या बाबतीत ही रेघ प्रत्येक काना आणि दंडाच्या ओल्या टोकावरून जाते. त्या प्रत्येक सांध्यावर शाई दुप्पट साचते आणि साध्या कागदावर ती तिथेच फुटते. रोमन लिपीत लिहिलेले शाईचे नमुने बघून शाई घेतली की हा अनुभव येतो: तिकडे स्वच्छ दिसलेली शाई इकडे प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर ठिपके देते. त्यामुळे देवनागरीला थोडी कोरडी, कमी वाहती शाई मानवते.

सपाट टोकाच्या १.१ निबची हौस अनेकांना असते. रोजच्या लेखनाला ती नको, पण शीर्षकं, पाकिटावरचे पत्ते, लग्नपत्रिकेवरची नावं यांना छान. तिच्याकडून बोरूचं वळण मात्र अपेक्षू नका. सरळ कापलेली निब उजव्या हातात सहज धरली की तिची धार डावीकडून खालून उजवीकडे वर अशी तिरकी पडते, आणि जाड-बारीक रेघा रोमन वळणाच्या येतात. देवनागरीच्या बोरूचं टोक तिरकं कापतात ते ही धार उलट दिशेला यावी म्हणून. गोल पकडीचं पेन थोडं फिरवून तो कोन निदान जवळपास गाठता येतो, सफारीच्या सपाट पकडीत तेही जमत नाही. या पेनाची ही मर्यादा देवनागरी सुलेखन करणाऱ्याने घेण्याआधी माहीत करून घ्यायला हवी.

निब बदलणं

निब फीडवर नुसती सरकवून बसवलेली असते, खिळा नाही की आटे नाहीत. काढायला साधी चिकटपट्टी लागते. पेन निब वर करून धरा, निबच्या पाठीवर पट्टीचा तुकडा दाबून चिकटवा, निबच्या दोन्ही बाजू झाकल्या जातील असा. पट्टी निबच्या टोकाच्या दिशेने, सरळ रेषेत ओढा. फिरवू नका, वर उचलू नका. निब सुटून येते. नवी निब फीडच्या खाचांवर ठेवून अंगठ्याने मागे सरकवा, थांबेल तिथे थांबा. ओली निब पट्टीला चिकटत नाही, तेव्हा आधी टिपून कोरडी करा. पेनात शाई असतानाही हे करता येतं, फक्त पकडीचा भाग खाली धरू नका.

फीड काढायची गरज नाही. ते ओढून निघतं म्हणून दर धुण्याला काढणाऱ्यांच्या पेनात काही काळाने ते सैल बसतं आणि मग शाई ठिबकते. एक पेन आणि दोन निबा, ईएफ लिहायला आणि बी किंवा १.१ शाईचा रंग बघायला, अशी सुरुवात मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. ईएफमधून इतकी कमी शाई उतरते की बहुतेक शायांची गडद-फिकट छटा दिसतच नाही. महागडी शाई घेऊन ती ईएफमध्ये भरली आणि निराशा झाली, यात शाईचा दोष नसतो.

भरणं आणि धुणं

नवं पेन उघडलं की मागची नळी आणि पकडीचा भाग यांच्यामध्ये पुठ्ठ्याची पातळ कडी दिसते. आतलं कार्ट्रिज, म्हणजे शाई भरलेली तयार कुपी, वाटेत टोचलं जाऊ नये म्हणून ती असते. कार्ट्रिज वापरायचं असेल तर कडी काढा, कार्ट्रिज जागेवर ठेवून नळी आवळा. आवळतानाच ते टोचलं जातं. लामीचं टी १० कार्ट्रिज सोडून दुसरं कुठलं, म्हणजे सर्वत्र मिळणारं आखूड आंतरराष्ट्रीय मापाचंही, यात बसत नाही.

बाटलीतून शाई भरायला झेड २८ हा लाल दट्ट्याचा कन्व्हर्टर लागतो. पेटीत तो आहे का हे विचारून घ्या. जुन्या साठ्यात त्याचाच आधीचा अवतार झेड २४ मिळतो, तोही चालतो. झेड २७ मात्र लामीच्या इतर पेनांसाठी असतो. झेड २८ला बाजूला दोन लहान गुंड्या असतात, त्या पकडीच्या भागातल्या खाचांत बसल्या की कन्व्हर्टर हलत नाही. यात एक मिलिलिटरहून कमी शाई मावते. रोज पाच-सहा पानं लिहिणाऱ्याला ती कमी पडते, पण शाया बदलत राहणाऱ्याला सोयीची. ३० मिलिलिटरच्या बाटलीतून पस्तीस-चाळीस वेळा पेन भरतं.

जास्त शाई हवी असेल तर रिकामं टी १० कार्ट्रिज धुऊन औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या २ मिलिलिटरच्या सिरिंजने भरा, त्यात कन्व्हर्टरपेक्षा जास्त मावते. सुईचं टोक घासून बोथट करा. मागच्या नळीत थेट शाई ओतून ड्रॉपरसारखं वापरायचा विचार मात्र मनात आणू नका. शाई दिसण्यासाठी नळीला ठेवलेल्या खिडक्या आरपार उघड्या आहेत, सगळी शाई हातावर येईल.

भरताना निब पूर्ण आणि पकडीची अगदी खालची कडा बुडेल एवढी आत घाला. दट्ट्या खाली करून सावकाश वर घ्या, दोन-तीनदा, म्हणजे फीडमधली हवा निघते. बाहेर काढून तीन थेंब परत बाटलीत सोडा, निब वर करून दट्ट्या थोडा मागे घ्या, आणि टीपकागदाने पुसा. तीन थेंब सोडले नाहीत तर फीड तुडुंब राहतं आणि पहिल्या पानावर रेघ जाड पडते. लामीच्या ५० मिलिलिटरच्या टी ५२ बाटलीच्या तळाशी टीपकागदाची गुंडाळी दिलेली असते. उपयोगी कल्पना आहे.

नवं पेन वापरण्याआधी एकदा धुवा, कारखान्यातल्या तेलाचा अंश फीडमध्ये राहिला तर शाई तुटत येते. साध्या पाण्याच्या पेल्यात, साधारण १०० मिलिलिटरमध्ये, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. चार-पाच वेळा आत-बाहेर करा, मग साध्या पाण्याने साबण जाईपर्यंत. शाई बदलताना साबण दरवेळी लागत नाही. पाणी स्वच्छ दिसू लागलं की पेन टिश्यूच्या घडीवर निब खाली करून रात्रभर ठेवा. टिश्यू फीडमधलं उरलेलं पाणी ओढून घेतो, आणि सकाळी त्यावर रंगाचा डाग असेल तर अजून धुवायचं आहे. गरम पाणी नको, स्पिरिट नको, दोन्ही प्लास्टिकची नासाडी करतात.

शाया

सुरुवात कॅम्लिनच्या रॉयल ब्लूने करावी. दि. प. दांडेकरांनी १९३१ मध्ये भावाबरोबर घोडा छाप शाईच्या पुडी आणि गोळ्यांपासून हा उद्योग उभा केला, मग कॅमल नावाने शाई आली, २०११ पासून कंपनी जपानच्या कोकुयोकडे आहे. ही शाई कोपऱ्यावरच्या स्टेशनरीत मिळते, पाण्याने सहज धुऊन निघते, आणि नव्या पेनाचा स्वभाव ओळखायला याहून स्वस्त उपाय नाही. छटांची गंमत तिच्यात शोधू नका. रॉयल ब्लू जातीच्या सगळ्याच शाया उन्हात फिकटतात आणि पाण्याचा थेंब पडला की वाहतात, म्हणून दस्तऐवजावर सही करायला त्या नाहीत.

याच कपाटात शेजारी ड्रॉइंगची वॉटरप्रूफ काळी शाई असते. बाटली लहान, नाव ओळखीचं, आणि चूक इथेच होते. त्या शाईत वाळल्यावर न विरघळणारा बांधणीचा पदार्थ असतो. फीडच्या केसाएवढ्या नळ्यांत ती एकदा वाळली की पेन गेलं. काजळ आणि डिंकाच्या घरगुती शाईलाही हाच नियम. ती बोरूला आणि टाकाला शोभते, शाईपेनात घालायची नाही. बाटलीवर शाईपेनासाठी असं स्पष्ट छापलेलं नसेल तर घेऊ नका.

सफारीतून शाई मध्यम वाहते, ईएफमध्ये थोडी कमीच. त्यामुळे पेलिकन ४००१सारखी कोरडी शाई ईएफमध्ये भरली की रेघ सुंदर बारीक येते, पण निब कागदाला जरा जास्त जाणवते. लहान अक्षर, वहीचा साधा कागद, भरपूर जोडाक्षरं असतील तर मी हीच जोडी सुचवेन. ४००१ची ब्लू-ब्लॅक वेगळी आहे. तिच्यात लोहयुक्त शाईचा अंश असतो, लिहिल्यावर हवेत ती गडद होते आणि पाण्याने पूर्ण पुसली जात नाही. अशी लोहयुक्त शाई पेनात वाळू देऊ नये. तीन-चार आठवड्यांनी पेन धुवावं, आणि पांढऱ्या कपड्यांपासून जपावं.

दुसऱ्या टोकाला पायलटची इरोशिझुकू. २००७ पासून मिळणारी ही मालिका वाहती आहे. कोन-पेकीचा निळा, यामा-बुडोचा जांभळट लाल, शिन-काईचा राखाडी निळा, हे रंग बी किंवा १.१ निबमधून चांगल्या कागदावर उतरले की या शाईला एवढे पैसे का मोजायचे ते कळतं. ईएफमधूनही ती अडखळत नाही, उलट खरखरीत निब तिने मऊ वाटते. अडचण कागदाची. झेरॉक्सच्या कागदावर शिरोरेघेच्या सांध्यांवर ती हमखास फुटते.

लिव्हरपूलची डायमाइन १८६४ सालची, आणि हौसेला तिच्यासारखी दुसरी कंपनी नाही, कारण शेकडो रंग ३० मिलिलिटरच्या छोट्या बाटलीतही मिळतात. ऑक्सब्लड हा सुकलेल्या रक्तासारखा लाल, तपासणीच्या शेऱ्यांना देखणा. एन्शंट कॉपरची छटा बी निबमधून अप्रतिम, पण निबवर तिचे स्फटिक साचतात. ओल्या कापडाने पुसलं की झालं, पेन बिघडलेलं नसतं. केरळच्या कृष्णा शायांत रंगद्रव्य भरपूर असतं. त्यातल्या काही गुळगुळीत कागदावर लाल किंवा सोनेरी झळाळीची साय देतात, आणि तीच साय बोटाला लागते. चकाकीचे कण असलेल्या शाया, उदाहरणार्थ हर्बिनची एमराल्ड ऑफ शिवोर, सफारीत चालतात. बाटली हलवून भरा, पेन आडवं ठेवा, आणि भरलेली शाई दोन आठवड्यांत संपवा. फीडच्या पाठी कण बसलेच तर साबणाच्या पाण्यात रात्रभर.

दोन शाया पेनात एकत्र करू नका. आम्ल आणि अल्क स्वभावाच्या शाया एकमेकींत मिसळल्या की गाळ बसू शकतो. करून बघायचंच असेल तर काचेच्या कुपीत एकेक मिलिलिटर मिसळून दोन दिवस ठेवा, तळाशी काही दिसलं नाही तरच पेनात घ्या.

पावसाळा, उन्हाळा आणि कागद

शाईचे परदेशी नमुने बघून आपल्याकडे फसगत होते त्याचं मोठं कारण हवा आहे. जून ते सप्टेंबर कोकणात आणि मुंबईत कागद ओलावा धरतो आणि त्याला दिलेली खळ सैल पडते. एप्रिलमध्ये स्वच्छ उमटणारी शाई त्याच वहीत जुलैमध्ये फुटते. वहीचा गठ्ठा प्लास्टिकच्या डब्यात बंद ठेवला तर फरक पडतो. झळाळीच्या शाया या दिवसांत वाळतच नाहीत, पान उलटल्यावर समोरच्या पानावर छाप उठतो. त्या हिवाळ्यासाठी ठेवाव्यात. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात उलटं: टोपणाच्या आतही पाणी उडतं, शाई दाट होते, सकाळी पहिला शब्द उमटत नाही. निब पाण्याच्या थेंबाला क्षणभर टेकवा. दुचाकीच्या डिकीत किंवा उन्हातल्या गाडीत अर्धं भरलेलं पेन ठेवलं तर आतली हवा प्रसरण पावून शाई टोपणात ढकलते. घाट चढतानाही तसंच. पेन पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामं, आणि निब वर.

कागद जीएसएमवर, म्हणजे एका चौरस मीटरच्या ग्रॅममधल्या वजनावर, निवडू नका. ७५ जीएसएमचा झेरॉक्सचा कागद शाई फोडतो आणि ५२ जीएसएमचा जपानी तोमोए रिव्हर फोडत नाही, कारण सगळा खेळ खळीचा आहे. तोमोए रिव्हरवर मागची बाजू दिसते आणि शाई वाळायला वेळ लागतो, पण रेघ जशी निबमधून निघाली तशीच राहते. रोजच्यासाठी स्टेशनरीतला ८५ ते १०० जीएसएमचा बाँड पेपर सुटा घेऊन शिवून घ्यावा. हा उपाय महागड्या परदेशी वह्यांहून स्वस्त पडतो. दुकानात नमुना मागा, त्यावर एक ठिपका दोन सेकंद निब टेकवून द्या. कडा स्वच्छ राहिली तर घ्या.

अडलं तर

पानभर लिहून झाल्यावर रेघ फिकट होत थांबली, पण नळीत शाई दिसते आहे: शाई कन्व्हर्टरच्या मागच्या टोकाला चिकटून बसली आहे. दट्ट्या थोडा पुढे फिरवून फीड भरून घ्या. वारंवार झालं तर कन्व्हर्टर साबणाच्या पाण्याने धुवा, पृष्ठताण कमी होऊन शाई खाली उतरू लागते.

प्रत्येक शब्दाचा पहिलाच फटका कोरा जातो, पुढे नीट येतं: निबचं टोक आतल्या बाजूला जास्त गोल घासलं गेलं आहे. दहापट भिंगाखाली टोकाच्या मधल्या चिरेला दोन्ही बाजूंनी उतार दिसतो. इरोशिझुकूसारखी वाहती शाई भरून बघा. सुटत नसेल तर निब बदलून मागा किंवा सुटी निब घ्या. सफारीत हा प्रश्न एवढ्यावर मिटतो, बाकीच्या बऱ्याच पेनांत अख्खं पेन पाठवावं लागतं.

एका दिशेला खरखर, दुसऱ्या दिशेला मऊ: दोन पाती वर-खाली झाली आहेत. भिंगातून बघा, वर आलेलं पातं नखाने हलकेच खाली दाबा, पुन्हा बघा. सँडपेपर, नेलफाइल यांना हात लावू नका. टोकावरचा कठीण धातूचा मणी झिजला की निब संपली.

बाटलीत जाळं किंवा कुबट वास आला तर ती बुरशी आहे. पावसाळ्यात असं घडतं, विशेषतः शाई पाण्याने पातळ केली असेल तर, कारण त्याने बुरशीरोधक औषधही पातळ होतं. गाळून वापरू नका. बाटली टाकून द्या आणि पेन धुतल्याशिवाय दुसऱ्या बाटलीत बुडवू नका.

हे पेन कोणी घेऊ नये

ज्याचं अक्षर अगदी बारीक आहे त्याने पायलट मेट्रोपॉलिटन एफ बघावं. रेघ सफारीच्या ईएफहूनही बारीक पडते, पकड गोल आहे, पण निबा सुट्या मिळत नाहीत आणि पकडीच्या वरची धातूची पायरी काहींना टोचते. एकाच शाईने दिवसाला दहा-पंधरा पानं लिहिणाऱ्याला आपल्याकडच्या एबोनाइटच्या (कडक रबराच्या) ड्रॉपर पेनांसारखं सुख नाही. दोन ते चार मिलिलिटर शाई मावते आणि आठवडाभर बघावं लागत नाही. शाई बदलायची म्हटली की मात्र पेन धुण्यात अर्धा तास जातो. लवचीक निबचा किंवा टोक वेगवेगळ्या आकारांत घासलेल्या निबांचा नाद असेल तर कानपूरच्या कानराइट कंपनीकडे वळावं. तिथे निबा बनतात, आणि निब-फीडचं युनिट आट्यांचं असल्याने पकडीच्या भागातून फिरवून बाहेर येतं.